भीतीची मुदत

हृदयविकाराचा झटका, तपासणीत अचानक वाढलेली निघालेली साखर, छातीच्या एक्स-रेवर दिसलेला डाग, गाठीची शंका: असा एखादा धक्का बसला की माणूस आपल्या राहणीकडे पहिल्यांदाच नीट पाहतो. सिगारेटचे पाकीट फेकले जाते, चालण्याचे बूट येतात, फरसाणाचा डबा शेजारी जातो. वर्षानुवर्षे सांगून जे झाले नाही ते अतिदक्षता विभागातल्या एका रात्रीने केले, असे घरचे म्हणतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. निश्चय खरोखर एका रात्रीत होतो, पण तो किती दिवस टिकेल हे भीती किती मोठी होती यावर फारसे अवलंबून नसते. स्मशानवैराग्याची ही दवाखान्यातली आवृत्ती आहे, आणि तिचीही मुदत ठरलेली असते. त्या मुदतीत काय घडते यावर गेल्या सत्तर वर्षांत बरेच संशोधन झाले आहे.

आजारपणाच्या धक्क्याने एका माणसाची नव्हे तर एका देशाची समजूत बदलल्याचे ठळक उदाहरण १९५५ सालचे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सप्टेंबरमध्ये सुट्टीसाठी डेन्व्हरला होते. २३ तारखेला ते दिवसभर गोल्फ खेळले आणि दुपारी कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या घातलेला हॅम्बर्गर त्यांनी खाल्ला. नंतर पोट बिघडल्याची तक्रार सुरू झाली. मध्यरात्र उलटल्यावर छातीत दुखू लागले तेव्हा पत्नीने आधी पोटाचे औषध दिले. मग त्यांचे डॉक्टर आले आणि त्यांनी मॉर्फीन टोचले. ईसीजी निघायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तोपर्यंत बाहेर सांगितले गेले ते एवढेच, की अध्यक्षांचे पोट ठीक नाही. ‘गॅस झाला असेल’ या निदानाने महाराष्ट्रातल्या घराघरांत जो मोलाचा वेळ जातो, तो जगातल्या सर्वांत जपल्या जाणाऱ्या रुग्णाचाही गेला.

ईसीजीत झटका स्पष्ट दिसला. सोमवारी शेअर बाजार उघडला आणि एका दिवसात सुमारे १४ अब्ज डॉलरचे मूल्य उतरले. त्याच दिवशी बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांसमोर बसून, हृदयाची रक्तवाहिनी तुंबते म्हणजे काय होते, हे साध्या शब्दांत सांगितले. अध्यक्षांना शौचाला झाल्याची माहितीही त्यांनी दिली, आणि त्याची चर्चा पुढे बरीच रंगली. मुद्दा वेगळाच होता. झटका आलेला माणूस आयुष्यभर खुर्चीत बसून राहणार, ही तोवरची सर्वसाधारण समजूत. व्हाइट स्वतः सायकल चालवणारे आणि रुग्णांना चालायला लावणारे. आयझेनहॉवर सुमारे सात आठवड्यांनी रुग्णालयातून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी निवडणूक जिंकून पुन्हा अध्यक्ष झाले. त्यांचे वजन आणि आहारातली चरबी काटेकोरपणे मोजली जाऊ लागली. पुढेही त्यांना झटके आलेच, पण ते १९६९ पर्यंत जगले.

या कथेत एक तपशील सहसा सुटतो. आयझेनहॉवर दिवसाला चार पाकिटे सिगारेट ओढत आणि त्यांनी ती सोडली होती १९४९ मध्ये, म्हणजे झटक्याच्या सहा वर्षे आधी. सर्वांत अवघड बदल त्यांनी झटक्याच्या भीतीने केला नव्हता. नंतरचे पथ्य टिकले, त्यामागे रोज तपासणारा डॉक्टर आणि सांगितले तेच रांधणारे स्वयंपाकघर होते. ही सोय सर्वसाधारण रुग्णाला नसते.

धक्क्यानंतरच्या या काळाला आरोग्यशास्त्रात ‘शिकण्याजोगा क्षण’ अशा अर्थाची संज्ञा आहे. कोलीन मॅकब्राइड, कॅरन एमन्स आणि आयझॅक लिपकस यांनी २००३ मध्ये त्याची फोड केली. त्यांच्या मते एखादी घटना माणसाला बदलायला लावते ती तीन गोष्टी एकत्र आल्यावर. धोका ‘लोकांना’ नव्हे तर ‘मला’ आहे, हे पटावे लागते. भावना ढवळून निघाव्या लागतात. आणि स्वतःच्या प्रतिमेला किंवा घरातल्या भूमिकेला तडा जावा लागतो. तिसरी गोष्ट बहुधा सर्वांत परिणामकारक ठरते. कर्ता पुरुष पलंगावर पडून मुलीच्या परीक्षेचा विचार करतो, किंवा सगळ्यांचे करणाऱ्या बाईला पाण्याचा पेला दुसऱ्याने द्यावा लागतो, तेव्हा जे हलते ते कोलेस्टेरॉलच्या आकड्याने हलत नाही.

प्रत्यक्षात किती जण बदलतात? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या पाहणीत भारतासह १७ देशांतले सुमारे दीड लाख प्रौढ होते. त्यांपैकी ७,५१९ जणांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेला होता. या साडेसात हजारांत १८.५ टक्के लोक अजूनही धूम्रपान करत होते. पुरेशी हालचाल करणारे ३५ टक्के होते आणि आहार बरा म्हणावा असे ३९ टक्के. धूम्रपान बंद, हालचाल पुरेशी आणि आहार योग्य असे तिन्ही साधलेले लोक फक्त ४.३ टक्के निघाले. १४.३ टक्क्यांनी तर यांतले एकही केलेले नव्हते. मृत्यू जवळून पाहिलेल्यांचे हे आकडे आहेत, तेव्हा नुसत्या सल्ल्याने काय साधत असेल याचा अंदाज येतो.

टाळाटाळीची किंमत लगेच मोजावी लागते, हे २०१० मध्ये ४१ देशांतल्या १८,८०९ रुग्णांच्या अभ्यासातून दिसले. झटका किंवा त्याच्या जवळपासच्या दुखण्यातून उठलेल्या या लोकांना महिन्याभराने विचारले गेले, की तुम्ही काय बदलले? ज्यांनी धूम्रपान चालू ठेवले आणि आहार-व्यायामाकडेही पाहिले नाही, त्यांना सहा महिन्यांच्या आत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका सुमारे ३.८ पट होता. तुलना होती कधीच धूम्रपान न केलेल्या आणि आहार-व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्या रुग्णांशी. म्हणजे घाबरण्याचा काळ आणि सर्वांत धोक्याचा काळ एकच.

धक्क्याने सर्वांत आधी सुटते ते धूम्रपान, आणि ते स्वाभाविक आहे. ओढायची की नाही, एवढाच तो प्रश्न. रुग्णालयात चार-पाच दिवस सिगारेट मिळत नाही आणि तलफेचे पहिले, सर्वांत वाईट दिवस तिथेच निघून जातात. आहाराचे तसे नाही. जेवण रोज दोनदा करावेच लागते आणि प्रत्येक घासाला निर्णय असतो. लग्नाची पंगत, दिवाळीचा फराळ, ऑफिसातला वडापाव, आजीच्या हातची पुरणपोळी आणि त्यावरची तुपाची धार यांना पाकिटासारखे फेकून देता येत नाही. शिवाय मराठी घरांत पथ्य एकाचे आणि रांधणारी दुसरी, अशी विभागणी असते. नवऱ्याला झटका आला तर सगळ्या घराची भाजी कमी तेलाची होते. बायकोला आला तर ती सगळ्यांसाठी नेहमीचे करून स्वतःसाठी वेगळे काही करायचा कंटाळा करते. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसन वर्गांत स्त्रियांची हजेरी जगभर कमी आढळते, त्याचे एक कारण इथे आहे.

जोडीदाराचे महत्त्व इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ३,७२२ जोडप्यांच्या अभ्यासात आकड्यांनी दिसले. धूम्रपान करणाऱ्या ज्या स्त्रियांच्या जोडीदाराने सिगारेट सोडली, त्यांतल्या निम्म्यांनी स्वतःही सोडली. जोडीदार ओढतच राहिला तिथे हे प्रमाण ८ टक्के होते. जोडीदार मुळातच न ओढणारा असूनही इतका फरक पडला नव्हता, तिथे सोडणाऱ्या स्त्रिया १७ टक्के होत्या. शेजारी सज्जन असण्यापेक्षा बरोबरीने सोडणारा असणे अधिक कामाचे.

रुग्णालयातून घरी जाताना हातात पडणारे डिस्चार्ज कार्ड नीट वाचले तर घोटाळा कुठे होतो ते कळते. औषधांचा तक्ता काटेकोर असतो. गोळीचे नाव, किती मिलिग्रॅम, १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. त्याखाली राहणीबद्दल एकच ओळ असते: तेलकट-तुपकट टाळा, नियमित चाला, तंबाखू वर्ज्य. किती वाजता चालायचे, किती मिनिटे, दम लागला तर काय करायचे, महिन्याला चौघांच्या घरात तेल किती लिटर यावे, यातले काहीच नाही. गोळीला वेळ आहे आणि चालण्याला नाही. गोळ्या घेतल्या जातात आणि चालणे महिन्या-दोन महिन्यांत बंद पडते, यात रुग्णाच्या मनोबलाचा दोष वाटतो तेवढा नसतो.

त्यात स्टेंटची भर पडते. पूर्वी बायपास झालेल्या माणसाच्या छातीवर मोठा व्रण राही आणि सावरायला काही महिने लागत. आता मनगटातून नळी जाते, अरुंद भाग रुंद होतो आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतो. ‘ब्लॉकेज काढला’ असे सगळ्यांना सांगितले जाते. झटका येत असताना तातडीने टाकलेली स्टेंट जीव वाचवते, यात वाद नाही. पण ती एका रक्तवाहिनीतली एक जागा उघडते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबी साचण्याची प्रक्रिया सगळ्या शरीरात चालूच असते. दुखणे जितक्या सहज मिटले तितके ते किरकोळ वाटू लागते, आणि मग येरे माझ्या मागल्या.

मुळात भीती दाखवून माणूस बदलतो का, याची पहिली नावाजलेली परीक्षा १९५३ मध्ये अमेरिकेत दातांवर झाली. अर्व्हिंग जॅनिस आणि सेमूर फेशबॅक यांनी शाळकरी मुलांच्या वेगवेगळ्या गटांना दातांच्या निगेबद्दल कमी-अधिक भयंकर माहिती दिली. सडलेल्या हिरड्यांची चित्रे पाहिलेला गट सर्वांत जास्त घाबरला, पण सांगितलेले सर्वांत कमी त्यानेच पाळले. सौम्य भाषेत समजावलेल्या गटाने सर्वांत जास्त पाळले. पुढच्या अनेक प्रयोगांत चित्र इतके सरळ राहिले नाही, कारण काही ठिकाणी भीती उपयोगी पडली. हा फरक का पडतो, याचे उत्तर येल विद्यापीठातल्या १९६५ च्या एका छोट्या प्रयोगात सापडते.

हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचे होते, की विद्यार्थी धनुर्वाताची लस टोचून घेतील का. काहींना भडक वर्णनाची पुस्तिका दिली, काहींना सौम्य. भडक वाचलेले अधिक घाबरले आणि लस महत्त्वाची आहे असे अधिक ठासून म्हणाले. टोचून घ्यायला मात्र पुस्तिका वाचलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच गेले. मग काहींना पुस्तिकेबरोबर विद्यापीठाचा नकाशा दिला, त्यात दवाखान्यावर खूण केलेली होती. आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जाता येईल तेही पाहायला सांगितले. हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. दवाखाना कुठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना आधीपासून ठाऊक असणारच. नकाशाने माहिती दिली नाही, जायची वेळ आणि वाट ठरवून दिली. भडक पुस्तिका आणि सौम्य पुस्तिका यांच्यात प्रत्यक्ष कृतीचा फरक जवळजवळ नव्हता, पण पुस्तिका अजिबात न देता नुसता नकाशा दिला तिथेही फारसे कोणी फिरकले नाही. थोडी भीती लागतेच. ती किती, याला महत्त्व कमी.

२००० साली किम विट आणि माइक ॲलन यांनी तोवरच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मोठी भीती आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास एकत्र आले की वागणूक सर्वाधिक बदलते, असे त्यात दिसले. भीती मोठी आणि विश्वास नाही, अशा वेळी माणूस धोक्याला तोंड देण्याऐवजी भीतीलाच टाळू लागतो. तपासणीच पुढे ढकलतो, रिपोर्ट उघडत नाही, ‘आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत विडी ओढली’ असे ऐकवतो. अशा माणसाला आणखी घाबरवणारे नातेवाईक त्याला आणखी दूर लोटत असतात.

भारतात तंबाखूच्या पाकिटावर हा फरक प्रत्यक्ष पाहायला मिळतो. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशारा आणि रोगाच्या चित्राने व्यापलेला आहे. सप्टेंबर २०१८ पासून त्या चित्रासोबत १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही छापला जाऊ लागला. चित्र घाबरवते आणि क्रमांक वाट दाखवतो. दुसऱ्याविना पहिले अपुरे होते.

काही धक्के मुके असतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्याला दुखत-खुपत काहीच नसते, असतो तो कागदावरचा आकडा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आली की लोक ‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हणतात आणि सीमारेषेच्या अलीकडे असल्याचे समाधान मानतात. खरे तर बदलाचा सर्वांत मोठा फायदा इथेच होतो. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन ७ टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनीच घटले. चेन्नईत ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ जणांवर केलेल्या प्रयोगात, २००६ मध्ये, हीच घट २८.५ टक्के मिळाली. भारतीयांना लाभ कमी पण निश्चित.

भारतीयांच्या बाबतीत आकड्याने धक्का बसायला उशीर होतो, त्याचे एक कारण पुण्यात उलगडले. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी अधिक, अशी ही ठेवण असते. ‘मी कुठे जाडा आहे?’ असे म्हणणाऱ्या माणसाला आरसा घाबरवत नाही आणि तपासणीची वेळ येते तोवर उशीर झालेला असतो. दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ आणि इतरांचे जवळपास ५९ असल्याचे ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासातून दिसले आहे.

दुसऱ्याच्या आजाराची भीतीही काही काळ काम करते. ब्रिटनमधली दूरचित्रवाणीवरची प्रसिद्ध तरुणी जेड गुडी हिला २००८ मध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे कळले. मार्च २००९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी ती गेली. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये या कर्करोगाची तपासणी करून घेणाऱ्या स्त्रिया नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक होत्या. तिच्या मृत्यूच्या महिन्यात ही लाट शिगेला पोचली आणि मग ओसरली. कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेल्यावर बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी झुंबड उडाली. अशा गर्दीतल्या बहुतेकांचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि मग एक उलटाच प्रकार घडू शकतो. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आहे तसे चालू ठेवायचा परवाना, असे मानले जाते. गर्भाशयमुखाची तपासणी एकदा करूनही फायदा देते. हृदयाच्या बाबतीत नुसत्या तपासणीने काही बदलत नाही.

भीती मर्यादेपलीकडे गेली तर अपाय करते. झटक्यानंतर साधारण पाचांपैकी एकाला नैराश्य येते. असा रुग्ण जिना चढायला भितो, चालणे टाळतो, औषधेही विसरतो. दुसरे टोक अतिउत्साहाचे. महिनाभर तेल पूर्ण बंद, एकवेळ जेवण, यूट्यूबवरचा काढा, आणि ‘आता नैसर्गिक पद्धतीने बरे वाटते’ म्हणून गोळ्या बंद. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी औषधे मनाने थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते.

यावरचा आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे देखरेखीखालचे पुनर्वसन. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, इतर रुग्णांबरोबर केलेला व्यायाम आणि आहाराचे शिक्षण. भारतात अशी केंद्रे फार थोडी आहेत. म्हणून २४ रुग्णालयांतल्या ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारलेले १३ वर्गांचे शिक्षण तपासून पाहिले गेले. पुढचे झटके किंवा मृत्यू यांत निर्विवाद म्हणावी अशी घट त्यात दिसली नाही. पण रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले आणि त्यांना प्रकृती अधिक चांगली वाटू लागली. यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगे.

एका अख्ख्या प्रदेशाने घेतलेल्या धास्तीचे काय झाले, हे फिनलंडच्या उत्तर कारेलियात पाहता येते. १९६० च्या दशकात तिथले लाकूडतोडे आणि शेतकरी ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने मरत. हृदयविकाराच्या मृत्यूंत हा भाग जगात सर्वांत वरच्यांपैकी होता. १९७१ मध्ये प्रदेशाच्या राज्यपालांनी आणि लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला. पुढच्या वर्षी काम सुरू झाले आणि ते पेक्का पुस्का या विशीतल्या डॉक्टरकडे दिले गेले. लोकांना घाबरवायची गरज उरलेली नव्हती, प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेले होते. पुस्कांनी भीतीवर वेळ घालवला नाही. मार्था या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी बैठका भरवून लोण्याऐवजी तेल आणि भरपूर भाज्या घालून नेहमीचेच रस्से कसे करायचे ते शिजवून दाखवले. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करायला लावली, गवळ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवले, आणि कोणत्या गावाचे कोलेस्टेरॉल जास्त उतरते याच्या स्पर्धा लावल्या. १९७२ मध्ये तिथले जवळजवळ सगळेच पावाला लोणी लावत आणि निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करत. पुढच्या साडेतीन-चार दशकांत उत्तर कारेलियातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.